सलग सेवेची अट

'न्याय्य प्रतिनिधित्व' हे दोन शब्द मी गेल्या काही वर्षांत जर्मनमधून मराठीत आणि मराठीतून जर्मनमध्ये इतक्या वेळा वाहून नेले आहेत, की आता ते कुणी नुसते उच्चारले तरी माझी मान दुखायला लागते. मी दुभाषी आहे. काम हमालीचं; ओझं दुसऱ्याचं आणि घाम आपला. पूर्वी मी सांगवीत घरीच जर्मनचे वर्ग घ्यायचे. चाकणच्या कंपन्यांत चिकटू पाहणारी मुलं यायची, स्वतःचं नाव-गाव सांगण्यापर्यंत पोचायची आणि व्याकरण सुरू झालं की निम्मी गळायची. त्यांतल्याच एका न गळलेल्याने एकदा विचारलं, "मॅडम, आमच्या युनियनला जर्मन बोलणारं माणूस पाहिजे, महिन्यातून एकदा. याल का?" मला वाटलं, महिन्यातून एकदा, त्यात काय एवढं. मी हो म्हटलं.

त्याची कंपनी गाड्यांच्या दारांना आणि काचांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवते. मुख्य कचेरी जर्मनीत, कारखाने जगभर, त्यांतला एक चाकणला. या सगळ्या कारखान्यांतल्या कामगारांची मिळून एक जागतिक परिषद आहे. वर्षातून एकदा तिचं अधिवेशन भरतं, मधल्या काळात पडद्यावर बैठका होतात. कुठला कारखाना बंद करायचा, कुठली मशीनं कुठे हलवायची, सुरक्षेचं काय करायचं, यावर कंपनीला परिषदेचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घेणं आणि ऐकणं यांतला फरक, लग्नाला तीस वर्षं झालेल्या बायकांना समजावून सांगायला नको.

मी या कामात शिरले तेव्हा परिषदेतल्या निम्म्याहून अधिक खुर्च्या जर्मनीच्या होत्या. उरलेल्या बहुतेक युरोपातल्या शेजाऱ्यांच्या. ब्राझील, मेक्सिको, चीन, थायलंड आणि आपलं चाकण यांना मिळून एक खुर्ची, तीसुद्धा पाळीपाळीने. आमच्या पिंपरी-चिंचवडला पाणी निदान दिवसाआड तरी येतं. ही खुर्ची एकदा येऊन गेली की पुन्हा यायला चार वर्षं लागायची. ज्या वर्षी खुर्ची नसेल त्या वर्षी 'निरीक्षक' म्हणून बसायचं, म्हणजे ऐकायचं आणि शेवटी धन्यवाद द्यायचे. ते धन्यवादही मीच द्यायचे.

युनियनचे अध्यक्ष चाकणच्या जवळच्याच गावचे. घरची जमीन कारखान्यांत गेली आणि तिच्या बदल्यात म्हणा की तिच्या रागात म्हणा, ते कंपनीत लागले. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. तळेगाव चौकातून आत, एका टायरच्या दुकानावर युनियनची खोली होती. तिथे लॅपटॉपसमोर ते असे बसायचे की कॅमेऱ्यात फक्त त्यांची छाती दिसायची. "मॅडम, ह्यांना इचारा," ते म्हणायचे, "आमच्या रबराबिगर ह्यांच्या गाडीचं दार लागंल का? पावसाचं पाणी मांडीवर घिऊन गाडी चालवतील का हे? मंग आमाला खुर्ची द्याया ह्यांच्या पोटात का दुखतंय?" मी सांगायची, "चाकणच्या सहकाऱ्यांना वाटतं की उत्पादनातील वाटा लक्षात घेतला जावा." त्यांना संशय यायचा. "मी एवढं बोललो आन् तुमी एवढुसंच? जरा जोरात करा की भाषांतर!"

सांगवीहून भोसरी, मोशी करत तिथे पोचायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच संपायचा. नवरा निवृत्त आहे, त्याला वेळ भरपूर आणि जीभ तिखट. मी पर्स उचलली की विचारायचा, "निघाल्या का संयुक्त राष्ट्रांत?" आल्यावर विचारायचा, "सुटला का जगाचा प्रश्न?" एकदा मोशीच्या पुढे दोन ट्रेलर आडवे झाले आणि मी परत आले तेव्हा मला बोलायचीही ताकद नव्हती. त्याने न विचारता चहा केला. त्या चहाबद्दल मी अजून त्याची ऋणी आहे, पण हे त्याला सांगितलं तर रोज ऐकवेल.

परिषदेची अध्यक्ष एक जर्मन बाई होती, साधारण माझ्याच वयाची, पांढरे केस तोकडे कापलेली. ती मनापासून चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात वाईट असं कुणीच नव्हतं. एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर मी त्याच्यावर राग काढून मोकळी झाले असते. या बाईनेच पुढाकार घेऊन सुधारणा उपसमिती नेमली. म्हणाली, ही परिषद जुन्या जगासाठी बनली होती, आता कामगार जिथे आहेत तिथे खुर्च्या गेल्या पाहिजेत. आमचे अध्यक्ष ते ऐकून इतके खूश झाले की त्यांनी पडद्याला हात जोडले.

मग वर्षामागून वर्षं बैठका. एखादा देश म्हणायचा, एका कारखान्याला एक मत द्या. दुसरा म्हणायचा, विक्रीच्या प्रमाणात द्या. आमचे अध्यक्ष एकाच खुंट्याला बांधलेले: डोकी मोजा. जिथे कामगार जास्त तिथे खुर्च्या जास्त. त्यावर जर्मनीतला एक जुना प्रतिनिधी, चाळीस वर्षं युनियनमध्ये काढलेला, शांतपणे म्हणाला होता, "हे मान्य केलं तर जी परिषद आम्ही लढून उभी केली, तिच्यात उद्या आम्हीच अल्पमतात जाऊ." मी ते मराठीत सांगितलं मात्र, अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा ग्लास कलंडून लॅपटॉपखाली गेला. "म्हंजी लोकशाही ह्यांची संख्या जास्त हाय तवरच? सांगा त्याला, असंच्या असं सांगा!" मी असंच्या असं सांगितलं. आयुष्यात एवढं जोरात भाषांतर मी दुसऱ्यांदा केलं नाही.

शेवटी डोकी मोजायचं ठरलं. प्रत्येक कारखान्याने आपला आकडा द्यायचा. अध्यक्षांनी आकडा दिला तो गेटातून आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा. चाकणला पर्मनंट माणसं मूठभर, बाकी सगळे ठेकेदाराकडचे कंत्राटी आणि शिकाऊ. युरोपातून कुणीतरी विचारलं, हे सगळे धरायचे का? अध्यक्ष म्हणाले, "जो आत जाऊन घाम गाळतोय तो कामगार. घामाला काय पर्मनंट-कंत्राटी असा येगळा वास येतोय?" मला ते मनापासून आवडलं. मी जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा त्या बाईने लिहून घेतलं. या हिशेबाने चाकण जर्मनीबाहेरचा सगळ्यांत मोठा कारखाना ठरला आणि आम्हाला दोन कायमच्या खुर्च्या मिळाल्या. युनियनच्या खोलीत पेढे वाटले गेले. टायरच्या दुकानदारालाही मिळाले.

एक गोष्ट तेव्हा कुणी बोललं नाही. ज्यांची डोकी मोजून खुर्च्या मिळाल्या, ते कंत्राटी लोक आमच्या युनियनचे सभासद नव्हते. होऊही शकत नव्हते. युनियन पर्मनंट लोकांची.

त्याच बैठकांत खुर्चीवर कोण बसू शकेल याचे नियमही ठरले. चाकणमध्ये युनियनवाल्यांना सगळ्यांत मोठी भीती असते ती मॅनेजमेंटने आपला माणूस घुसवण्याची. निवडणुकीच्या तोंडावर कुठूनतरी नवा माणूस भरती होतो आणि बघता बघता पुढारी होतो. म्हणून आमच्या अध्यक्षांनी सुचवलं, प्रतिनिधीची त्या कारखान्यात सलग दोन वर्षं सेवा झालेली असावी. "आमच्या घटनेत पयल्या दिवसापासून हाय. त्याच्यामुळंच आमी टिकलो." सगळ्यांना पटलं. अध्यक्ष बाई हसून म्हणाली, "परिषदेच्या नियमांत युरोपाबाहेरून आलेलं हे पहिलं कलम. हीच खरी सुधारणा." टाळ्या झाल्या. पडद्यावर वेगवेगळ्या देशांतले हात हलताना दिसले आणि मला, खरं सांगते, भरून आलं.

पुढच्या बैठकीत ब्राझीलच्या प्रतिनिधीने मुद्दा काढला. चाकणच्या दोन खुर्च्या कंत्राटी कामगारांच्या संख्येवर मिळाल्या आहेत, तर एक खुर्ची त्यांच्यातल्या कुणाला द्यावी. मी ते सांगितलं आणि अध्यक्षांकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "का न्हाई? देतो की. आमच्यात भेदभाव न्हाई." ते नुसतं बोलून थांबले नाहीत. पंधरवड्याच्या आत त्यांनी माणूस हुडकला. म्हणून मी त्यांना दोष द्यायला गेले तरी जीभ अडखळते.

त्यांनी हुडकली ती परभणीकडची एक बाई. पस्तिशीची, किडकिडीत, कुरुळीत भाड्याच्या खोलीत नवरा आणि दोन मुलींबरोबर राहणारी. पट्ट्यांचे सांधे जोडायच्या मशीनवर सहा वर्षं काम करत होती. "बाई धीट हाय," अध्यक्ष म्हणाले, "सुपरवायझरला उलटं बोलती." ती युनियनच्या खोलीत आली तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली. परिषद म्हणजे काय, जगातून कोण कोण येतं, तिथे काय बोलायचं, हे सगळं अध्यक्षांनी तिला हातवारे करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून एकच विचारलं, "ओ मॅडम, ह्या मेंबरला ब्रेक देता येतो का?"

ब्रेक म्हणजे काय ते सांगायला हवं. कंत्राटी माणूस सलग कामावर राहिला तर उद्या मला कायम करा म्हणेल. म्हणून सात-आठ महिने झाले की त्याला कमी करतात, काही आठवडे घरी बसवतात आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, नव्या नंबराने परत आत घेतात. मशीन तेच, लाइन तीच, माणूसही तोच. कागदावर मात्र तो काल जन्मलेला. चाकणला याला 'ब्रेक देणं' म्हणतात, आणि कुणाला चहाला सोडावं इतक्या सहज म्हणतात.

मी नियम पाहिले. परिषदेच्या सभासदाला दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत कामावरून कमी करता येत नाही, असा कंपनीशी करार होता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग होते मी मेंबर." नंतर जिन्यात तिने मला कारण सांगितलं. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदललेली होती. त्याची औषधं आणि तपासण्या हिच्या नोकरीवरच्या दवाखान्याच्या कार्डावर चालायच्या. ब्रेक मिळाला की कार्ड बंद. नवा नंबर मिळून ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागायचा, आणि तेवढे दिवस त्या माणसाच्या गोळ्या एक दिवसाआड व्हायच्या. "मागल्या ब्रेकात लई धाप लागली त्यांना," ती म्हणाली. "जगाचं काय व्हायचं ते होऊ द्या मॅडम. मला दोन वर्षं सलग पाहिजेत."

गुरुवारी चाकणला सुट्टी असते. दर गुरुवारी ती दोन बस बदलून सांगवीला माझ्या घरी यायला लागली. तिला पडद्यावर बोलायचा सराव हवा होता आणि मला तिच्या बोलण्याचा. जेवणाच्या टेबलाशी आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी तिने जे वाक्य सुरू केलं ते संपेचना. त्यात ठेकेदार आला, त्याचा मेहुणा आला, कॅन्टीनची आमटी आली आणि तिची थोरली मुलगीही आली. मी म्हटलं, "अगं, मला श्वास घेऊ दे. छोटं बोल. एक गोष्ट, एक वाक्य." ती म्हणाली, "गोष्टी एकमेकीत अडकलेल्या हायेत ओ." नवरा आतून ओरडला, "बरोबर आहे तिचं!" त्याला मी दार लावून घ्यायला सांगितलं.

येताना ती शेंगदाण्याची चटणी आणायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, फी समजा. दोन-तीन गुरुवार गेले आणि तिला लय सापडली. मग ती अशी बोलायला लागली की माझी जर्मन तिच्या मागे धावताना दमायची नाही. "मी सहा वर्षं झाले काम करायले," ती म्हणायची. "कंपनीच्या कागदात मला एकदाबी वरीस पूर्ण झालं नाही." मग माझं जर्मन होईपर्यंत थांबून, "ब्रेकवर जायच्या आधी मला नवीन पोराला मशीन शिकवायला सांगतात. मी परत येते तवा मी नवीन असते. मग तेच पोरगं मला शिकवतं. मी गप शिकते." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. तीही हसली. मग आम्ही दोघी एकदमच हसायच्या थांबलो. शेवटी नवऱ्याच्या गोळ्यांचं ती दोनच वाक्यांत सांगायची, रडगाणं न करता. मी तिला म्हटलं, हे असंच ठेव. एक शब्द बदलू नकोस.

अध्यक्षांनी दोन नावं कळवली, स्वतःचं आणि तिचं. बैठक लागली. ती इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस घालून आली होती, आणि या वेळी खुर्चीत पाठ टेकून बसली होती. पडद्यावरच्या अध्यक्ष बाईचा चेहरा मात्र मला पाहताच कळला. मी एवढी वर्षं त्या चेहऱ्याचं भाषांतर करत आले आहे.

चाकणच्या दुसऱ्या प्रतिनिधीचं नाव स्वीकारता येत नाही, ती म्हणाली. कंपनीने कळवलेल्या नोंदीप्रमाणे त्यांची सेवा सलग नाही. ताजी नेमणूक काही महिन्यांपूर्वीचीच आहे.

आमच्यातल्या प्रत्येकाला 'ब्रेक' ठाऊक होता. रोज तोंडात होता. 'सलग दोन वर्षं' हेही आम्हीच बोललो होतो. या दोन गोष्टी एका वाक्यात ठेवून कुणीच कधी पाहिल्या नव्हत्या. चाकणला 'कामगार' म्हटलं की युनियनच्या डोळ्यांसमोर पर्मनंट माणूसच उभा राहतो. नियम करताना तोच उभा राहिला. कंत्राटी माणूस फक्त मोजताना आठवला होता.

मी दुभाष्यांच्या रीतीप्रमाणे अध्यक्ष बाईचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगत होते. "मला अतिशय खेद वाटतो," मी परभणीच्या बाईकडे पाहत म्हटलं. ती म्हणाली, "तुमाला कशाला खेद, मॅडम? तुमी काय केलं?"

अध्यक्ष भांडले. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. म्हणाले, "ह्यात बाईची काय चूक? तिला हाकललंय तेनी, आन् तेनीच सांगायचं की सेवा तुटली? ह्या एका बारीला नियम बाजूला ठेवा." अध्यक्ष बाईने डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाली, "इतक्या वर्षांनी आपण न्याय्य नियम केले. पहिल्याच नेमणुकीला ते मोडले, तर ज्यांचा सुधारणांना विरोध होता ते काय म्हणतील? दुरुस्ती सुचवा. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात मी स्वतः पाठिंबा देईन." तिचंही चुकत नव्हतं. मला तिचा इतका संताप आला की शेवटचं वाक्य मी दोनदा अडखळत पूर्ण केलं. तोवर दुसरं नाव द्या, नाहीतर खुर्ची वर्षभर रिकामी राहील, असंही तिने सांगितलं.

दुसरं नाव ठरवायला गुरुवारी भोसरीतल्या एका मंगल कार्यालयात युनियनची सभा झाली. मला बोलावलं होतं ते अध्यक्ष बाईचा शुभेच्छांचा संदेश मराठीत सांगायला. परभणीची बाई आणि तिच्यासारखे पंधरा-वीस जण आले होते, पण सभा सभासदांची, म्हणून ते बाहेर पार्किंगमध्ये उभे राहिले. अध्यक्षांनी आत आपल्या परीने मुद्दा काढला. पुढच्या वर्षी दुरुस्ती होईल तेव्हा होईल, पण आपण आपल्या घटनेत बदल करून कंत्राटी लोकांना आत्ताच सभासद करून घेऊ, म्हणजे ब्रेकविरुद्ध आपणच भांडू शकू.

मागच्या रांगेतून एक जण उठला. चांगला, समजूतदार माणूस. मी त्याला बरीच वर्षं ओळखते. म्हणाला, "अध्यक्षसाहेब, बोलायला सोपं आहे. त्यांची डोकी आपल्या चौपट. ही युनियन आपण संप करून, केसेस अंगावर घेऊन उभी केली. त्यांना मेंबर केलं तर उद्या आपल्याच युनियनमध्ये आपण अल्पमतात जाऊ."

हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. जर्मनमध्ये. मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. हात टेबलावर होता, पण मूठ वळली नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, एवढं म्हणून मला घरी जाता आलं असतं. पण त्या मागच्या रांगेतल्या माणसाच्या दोन बोटांची पेरं मशीनमध्ये गेलेली होती, आणि ती युनियन त्याने खरोखरच उभी केली होती. मुद्दा बारगळला. खुर्ची खजिनदारांना दिली. "मॅडम," अध्यक्ष माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना कळवा, सर्वानुमते."

मी कळवलं. बाहेर आले तेव्हा पार्किंगमध्ये ती एकटीच थांबली होती. मला काही सांगावं लागलं नाही. म्हणाली, "जाऊ द्या. चला, बसपर्यंत येते तुमच्यासंगं." भोसरीच्या उड्डाणपुलाखाली आम्ही बराच वेळ बसची वाट पाहिली आणि मुलींच्या शाळेबद्दल बोललो. पुढच्या आठवड्यात तिला ब्रेक मिळाला. खुन्नस म्हणून नाही. तिचे महिने भरले होते.

त्या वर्षीच्या अधिवेशनाला अध्यक्ष आणि खजिनदार जर्मनीला गेले. दुभाषीच्या प्रवासाची तरतूद नव्हती, म्हणून मी घरून, त्याच जेवणाच्या टेबलाशी बसून, लॅपटॉपवर भाषांतर करत होते. दुपारची वेळ होती. नवरा शेजारच्या खोलीत घोरत होता. खजिनदार व्यासपीठावर आले, खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. "आमच्या कारखान्यातली एक भगिनी काय म्हणते ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. मी सहा वर्षं काम करते. कंपनीच्या कागदात मला एकदाही वर्ष पूर्ण झालं नाही."

तिचंच भाषण. अध्यक्षांनी ते तिच्याकडून मागून घेतलं होतं. चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं, म्हणून. खजिनदारांनी बोली काढून शुद्ध करून घेतलं होतं, पण वाक्यं तीच होती, एक गोष्ट आणि एक वाक्य. मला विचार करावा लागत नव्हता. जर्मन आपोआप येत होती, कारण ती मी याच टेबलाशी तयार केली होती. नव्या पोराचा प्रसंग आला तेव्हा सभागृह हसलं आणि मग एकदम शांत झालं, आम्ही दोघी झालो होतो तसंच. गोळ्यांची दोन वाक्यं मी जशीच्या तशी सांगितली. लोक उठून उभे राहिले. अध्यक्ष बाईने डोळे पुसले आणि म्हणाली, आपण परिषद बदलली ती यासाठीच, असे आवाज इथे पोचावेत म्हणून. मी ते मराठीत सांगितलं. खजिनदारांनी नमस्कार केला. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मुद्द्याची नोंद घेतली आणि नियमदुरुस्ती पुढच्या अधिवेशनाच्या विषयांत ठेवली गेली.

मी लॅपटॉप मिटला. नंतर कुरुळीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला. मी सांगितलं, तुझं भाषण वाचलं गं त्यांनी. सगळं वाचलं.

"समजलं का त्यांना?"

"समजलं. उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"चांगलं झालं," ती म्हणाली. तिला मनापासून बरं वाटलं होतं, ते आवाजात कळत होतं. "मग कार्डाचं काय म्हणले?"

मी म्हटलं, नियम बदलायचं चाललंय. पुढच्या वर्षी घेणार आहेत.

पलीकडे कुणीतरी खोकत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग यांना सांगते, वरीसभर दम धरा म्हणून."